लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम: पाण्यातलं शिसं बिस्मथच्या इलेक्ट्रोडवर मोजताना

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडला ठरलेलं विभव (व्होल्टेज) देऊन प्रवाह मोजणारं यंत्र, सुरू केल्यावर शिशाचं शिखर पडद्यावर उमटायला काही सेकंद पुरतात. ते शिखर पाण्यातल्याच शिशाचं आहे, बाटलीतल्या, आम्लातल्या किंवा पिपेटच्या टिपमधल्या शिशाचं नाही, हे खात्रीनं सांगता यावं म्हणून करायची कामं मात्र आदल्या दिवशीच सुरू होतात. या पद्धतीबद्दल जे लिहिलं जातं त्यात शिखरांची चित्रं भरपूर असतात आणि या कामांबद्दल एखादं वाक्य असतं. म्हणून इथे बाटली धुण्यापासून आकडा लिहिण्यापर्यंतची सगळी वाट, आम्ही जशी चालतो तशी, मांडतो आहोत.

मोजायचं काय, ते आधी. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य शिशासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आणि कॅडमियमसाठी ३ मायक्रोग्रॅम आहे. या आकड्यांच्या आसपास ठामपणे बोलायचं तर लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅमही भरवशानं दिसायला हवा. थेट विद्युतप्रवाह मोजून ते होत नाही, कारण इतक्या विरळ धातूचा प्रवाह पार्श्वभूमीत बुडून जातो. त्यावर तोड म्हणजे ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री. इलेक्ट्रोडला उणे विभव देऊन पाण्यातले धातूचे आयन मिनिट-दोन मिनिटं त्याच्यावर साठवत राहायचे, मग विभव वर चढवत तो साठा एका झटक्यात उतरवायचा. प्रत्येक धातू आपापल्या विभवाला परत पाण्यात उतरतो आणि त्या जागी प्रवाहाचं एक शिखर देतो. जागेवरून धातू कोणता ते कळतं, उंचीवरून किती ते.

पूर्वी हा साठा पाऱ्यात करत. हेरॉव्हस्कीनं १९२२ साली पोलॅरोग्राफी सुरू केली ती ठिबकणाऱ्या पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर, आणि पुढे कित्येक दशकं पाऱ्याला पर्याय नव्हता. २००० साली जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी कार्बनवर बिस्मथचा पातळ थर देऊन तेच काम करून दाखवलं. शिसं आणि कॅडमियम बिस्मथबरोबर सहज मिसळतात, शिखरं टोकदार येतात आणि बिस्मथचं विषारीपण पाऱ्याच्या तुलनेत फारच कमी. विषारी धातू शोधण्यासाठी दुसरा विषारी धातू हाताळायचा, ही अडचण त्यामुळे सुटली. खाली जे आहे ते बिस्मथच्या थराबद्दलच आहे.

बाटली आणि नमुना

बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा जाड पॉलिथिनच्या. काच नको, कारण इतक्या विरळ द्रावणातलं शिसं काचेच्या भिंतीला चिकटतं. नवी बाटलीसुद्धा १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवायची आणि १८.२ मेगाओम-सेंटिमीटरच्या अतिशुद्ध पाण्यानं तीनदा खळबळून घ्यायची. पिपेटच्या टिप, सेल म्हणजे मोजणीचं भांडं, ढवळायचा चुंबक, सगळ्यांना हीच आंघोळ. टिप रंगीत नको, बिनरंगी घ्याव्यात. पिवळ्या रंगद्रव्यातून कॅडमियम सुटल्याची उदाहरणं जुनी आहेत आणि तो धोका उगाच पत्करण्यात अर्थ नाही. हातमोजे पावडर नसलेले. पावडरीतून जस्त येतं, आणि जस्ताचं शिखर इतकं सहज फुगतं की प्रयोगशाळेत काहीतरी अस्वच्छ आहे हे सगळ्यात आधी तेच सांगतं.

नमुना घेतल्यावर आधी एक गोष्ट ठरवायची: विरघळलेलं शिसं हवं की एकूण? विरघळलेलं हवं असेल तर ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून मग आम्ल घालायचं. हा क्रम उलटा झाला तर गाळाच्या कणांवर बसलेलं शिसं आम्लामुळे सुटतं आणि गाळण्याला काही अर्थ उरत नाही. एकूण हवं असेल तर गाळायचं नाही. दोन्ही बाबतींत लिटरमागे सुमारे २ मिलिलिटर अतिशुद्ध तीव्र नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायचा. आम्ल जागेवर घालता आलं नाही आणि प्रयोगशाळेत आल्यावर घातलं, तर मोजणीआधी निदान एक रात्र जाऊ द्यावी. वाटेत भिंतीला चिकटलेलं शिसं परत सुटायला तेवढा वेळ लागतो.

प्रत्येक खेपेला नमुना नसलेली एक बाटली सोबत न्यायची. तिच्यात शुद्ध पाणी, तेच आम्ल, तोच प्रवास. हा ब्लँक नसेल तर पुढच्या कुठल्याच लहान आकड्याची बाजू घेता येत नाही.

इलेक्ट्रोड घासणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रोड म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाची ग्लासी (काचेसारख्या घट्ट) कार्बनची चकती, भोवती टेफ्लॉन किंवा पीक प्लॅस्टिकचं आवरण. घासायला आधी ०.३ मायक्रोमीटरची ॲल्युमिना भुकटी, मग ०.०५ ची. दोन्हींसाठी कापड वेगळं. जाड भुकटीचे चार कण जरी बारीक भुकटीच्या कापडावर आले तरी चकतीवर ओरखडे उठतात. कापड सपाट काचेवर चिकटवलेलं असावं, भुकटी पाण्यात कालवून दुधासारखी पातळ, आणि इलेक्ट्रोड अगदी काटकोनात धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. दाब हलका. जोर लावला की हात नकळत एका बाजूला कलतो, चकतीचा काठ गोल होतो आणि आवरणाच्या सांध्यात भुकटी भरते. मिनिट-दोन मिनिटं पुरतात.

घासून झाल्यावर चकती उजेडात तिरकी धरून बघावी. आरशासारखी काळीशार दिसायला हवी. धुरकट पट्टा दिसला तर तिथे ॲल्युमिना राहिली आहे, आणि ॲल्युमिना स्वतः धातूचे आयन धरून ठेवते. भरपूर पाण्यानं धुऊन मग शुद्ध पाण्यात एक मिनिटभर अल्ट्रासॉनिक स्नान द्यायचं. जास्त वेळ नको. कंपनांनी कार्बन आणि आवरण यांच्यामधला सांधा सैल होतो, त्या फटीत द्रावण शिरतं आणि पार्श्वभूमीचा प्रवाह वाढत जातो. असा इलेक्ट्रोड कितीही घासला तरी सुधारत नाही.

पृष्ठभाग खरंच तयार झाला का, हे डोळ्यांवर सोडू नये. १०० मिलिलिटर पाण्यात ०.०३३ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ०.७५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवलं की १ मिलिमोलर फेरिसायनाइडचं चाचणी द्रावण तयार होतं. त्यात सेकंदाला ५० मिलिव्होल्टच्या वेगानं सायक्लिक व्होल्टॅमोग्राम, म्हणजे विभव एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून काढलेला प्रवाहाचा आलेख, घ्यायचा. जाणाऱ्या आणि येणाऱ्या शिखरांतलं अंतर सिद्धांतानुसार ५९ मिलिव्होल्ट. ८० पर्यंत आलं तर आम्ही पुढे जातो. १०० च्या वर गेलं तर पुन्हा ॲल्युमिनाकडे. घासून नंतर उघड्यावर ठेवलेला इलेक्ट्रोड हवेतले सेंद्रिय अंश धरत जातो, तेव्हा ही चाचणी आणि प्रत्यक्ष मोजणी यांच्यात खंड पडू देऊ नये.

रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत विभव मोजायचं तो, चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा, आत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या टोकाशी बुडबुडा अडकलेला नसावा आणि तो कधी कोरडा पडू देऊ नये. दुसरा एक चांगला रेफरन्स फक्त तुलनेसाठी वेगळा ठेवावा. दोन्ही एकाच क्लोराइड द्रावणात बुडवून मल्टिमीटर लावला की फरक पाचेक मिलिव्होल्टच्या आत यायला हवा. प्रवाहाचा मार्ग पूर्ण करणारा काउंटर इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार.

बफर, बिस्मथ आणि आम्लाचा हिशेब

बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ॲसिटेटचा, पीएच ४.५. तो १ मोलर तयार करून ठेवावा आणि सेलमध्ये दहापट विरळ करावा. १०० मिलिलिटरसाठी ३.७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि ४.८ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, बाकी पाणी. दोन्ही रसायनं धातूंच्या दृष्टीनं शुद्ध प्रतीची हवीत. साध्या प्रतीच्या ॲसिटेटमधलं शिसं आणि जस्त ब्लँकमध्ये ठसठशीत दिसतं.

बिस्मथचं मूळ द्रावण: ०.२३२ ग्रॅम बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेट १ मोलर नायट्रिक आम्लात विरघळवून १०० मिलिलिटर. म्हणजे लिटरमागे १ ग्रॅम बिस्मथ. हे साध्या पाण्यात करायला गेलं की लगेच पांढरा गढूळपणा येतो, बिस्मथ पाण्याशी अभिक्रिया करून बसतो आणि द्रावणात किती उरला ते सांगता येत नाही. १० मिलिलिटरच्या सेलमध्ये या द्रावणाचे ५ मायक्रोलिटर घातले की लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम बिस्मथ होतो. तो शिशाबरोबरच इलेक्ट्रोडवर बसतो आणि प्रत्येक मोजणीत थर नवा तयार होतो. बिस्मथ फार कमी पडला तर शिशाला सामावायला जागा पुरत नाही आणि वरच्या टोकाला आलेख वाकतो. फार जास्त झाला तर थर जाड होतो, शिखर पसरट येतं. मोजायच्या धातूच्या निदान दहापट बिस्मथ असावा हा अंदाज ठीक चालतो.

आता जी गोष्ट बहुतेक लेखी पद्धतींत सुटलेली असते ती. नमुना आम्लात जतन केलेला आहे. लिटरला २ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल म्हणजे साधारण ०.०३२ मोलर. त्याचे ९ मिलिलिटर घेतले तर सेलमध्ये ०.२८ मिलिमोल आम्ल आलं. १ मिलिलिटर बफरमध्ये ॲसिटेट आहे जेमतेम ०.३५ मिलिमोल. म्हणजे बफरचा मोठा हिस्सा नायट्रिक आम्लच खाऊन टाकतं आणि सेलचा पीएच ४.५ न राहता ३.६ च्या आसपास घसरतो. बाटलीवर ४.५ लिहिलेलं असतं, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. परिणाम मात्र लगेच दिसतात: उणे १.२ व्होल्टला हायड्रोजन सुटायला लागतो, बारीक बुडबुडे चकतीला चिकटतात आणि एकामागून एक घेतलेली शिखरं एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून आम्ही ८.७ मिलिलिटर नमुना, सुमारे ०.२८ मिलिलिटर १ मोलर अतिशुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मिलिलिटर बफर असं घेतो. मिळून १० मिलिलिटर. हायड्रॉक्साइडचा नेमका आकडा आम्ही दर खेपेला नव्यानं ठरवतो. त्याच नमुन्याचा वेगळा भाग घेऊन पीएचमीटरवर किती लागतं ते बघतो. पीएचमीटरचा इलेक्ट्रोड मोजणीच्या सेलमध्ये बुडवत नाही, कारण त्याच्यासोबत आधीच्या द्रावणांचे अवशेष येतात. क्रम महत्त्वाचा: नमुना, मग बफर, मग थेंबाथेंबानं हायड्रॉक्साइड ढवळत, आणि बिस्मथ सगळ्यात शेवटी. हायड्रॉक्साइड बफरच्या आधी ओतलं तर थोडंसं जास्त पडताच पीएच एकदम वर उडी मारतो आणि शिसं हायड्रॉक्साइड होऊन भिंतीला लागतं.

साठवणं आणि उतरवणं

चुंबकाचा वेग एकदा ठरवला, उदाहरणार्थ मिनिटाला ६०० फेरे, की तोच. इलेक्ट्रोडची खोलीही तीच, धारकावर खूण करून. सेलमध्ये उतरवताना चकतीखाली हवेचा बुडबुडा अडकतो, म्हणून इलेक्ट्रोड तिरका घालून मग सरळ करावा. मग मोजणीचा क्रम असा:

अधिक ०.३ व्होल्टला ६० सेकंद, ढवळत, म्हणजे आधीचं सगळं उतरून जातं. उणे १.२ व्होल्टला १२० सेकंद, ढवळत. ढवळणं बंद करून १५ सेकंद विसावा. मग स्क्वेअर वेव्ह, म्हणजे विभव चौकोनी लाटांनी पायरीपायरीनं चढवत घेतलेलं वाचन: वारंवारता २५ हर्ट्झ, आयाम २५ मिलिव्होल्ट, पायरी ५ मिलिव्होल्ट, उणे १.२ पासून उणे ०.३ पर्यंत. वेग सेकंदाला १२५ मिलिव्होल्ट पडतो, म्हणजे सगळं वाचन सव्वासात सेकंदांत संपतं.

जस्त मोजायचं नसेल तर उणे १.२ ऐवजी उणे १.० व्होल्टलाच साठवणं आम्हाला जास्त पसंत आहे. शिसं आणि कॅडमियम तिथेही व्यवस्थित बसतात, बरंचसं जस्त बाहेर राहतं, हायड्रोजनचा त्रास कमी होतो. वरचं टोक उणे ०.३ ला ठेवण्याचं कारण असं की बिस्मथ स्वतः उणे ०.१५ च्या आसपास उतरतो आणि त्याचं प्रचंड शिखर आलेखात घेतलं तर बाकीची शिखरं त्याच्या पायथ्याशी दबतात.

विरघळलेला ऑक्सिजन नायट्रोजननं हाकलावा का? डिफरन्शियल पल्स ही वाचनाची दुसरी पद्धत वापरत असाल तर हाकलावा. स्क्वेअर वेव्हला बहुधा गरज पडत नाही. पायारेषा, म्हणजे शिखरांखालची पार्श्वभूमीची रेषा, फारच उतरती दिसली तर पाच मिनिटं नायट्रोजन सोडून बघावं.

नव्या घासलेल्या इलेक्ट्रोडवरची पहिली फेरी मोजणीत धरायची नाही. लागोपाठ दोन शिखरं पाच टक्क्यांच्या आत जुळली की खरी मोजणी सुरू.

शिखरं कुठे येतात? कॅडमियम साधारण उणे ०.८ ला, शिसं उणे ०.५५ च्या आसपास. पण या जागांवर डोळे मिटून विसंबू नये. रेफरन्स थोडा जरी सरकला तरी दोन्ही शिखरं एकत्र सरकतात. त्यांच्यातलं अंतर मात्र पाव व्होल्टच्या आसपास टिकून राहतं. म्हणून आधी अंतर बघायचं, मग जागा. दोन्ही शिखरं एकाच दिशेनं सारखीच हलली असतील तर दोष रेफरन्सचा. एकच हललं असेल तर द्रावणात काहीतरी वेगळं आहे. उंची मोजताना शिखराच्या दोन्ही पायथ्यांना जोडणारी रेषा आम्ही हातानं ओढतो आणि सगळ्या वाचनांना तेच दोन बिंदू ठेवतो. सॉफ्टवेअर दर वेळी पायारेषा आपल्या मनानं निवडतं, आणि लहान शिखरांवर तेवढ्यानंही आकडा चांगलाच बदलतो.

मायक्रोअँपिअरवरून मायक्रोग्रॅमवर

शुद्ध बफरमध्ये आलेख काढायचा आणि नमुना त्यावर वाचायचा, हे आम्ही करत नाही. प्रत्येक पाण्याची इलेक्ट्रोडशी वागणूक वेगळी असते. त्यामुळे स्टँडर्ड ॲडिशन: नमुन्याच्याच सेलमध्ये माहीत असलेलं शिसं थोडं थोडं घालत जायचं. लिटरला ५ मिलिग्रॅम शिशाच्या द्रावणाचे १० मायक्रोलिटर घातले की १० मिलिलिटरमध्ये लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमची भर पडते. आकारमान फारसं बदलत नाही. हे भर द्रावण त्याच दिवशी, आम्ल घालून केलेलं असावं.

समजा शिखरं अशी आली: भर नसताना १.८० मायक्रोअँपिअर, मग ५, १० आणि १५ च्या भरीला ३.८५, ५.९५ आणि ८.००. सरळ रेषा जुळवली की उतार ०.४१४ आणि छेद १.७९५ येतो. छेद भागिले उतार, सेलमध्ये लिटरमागे ४.३४ मायक्रोग्रॅम. नमुना १० पैकी ८.७ मिलिलिटरच होता, म्हणून १० भागिले ८.७ नं गुणायचं: ४.९८. त्यातून त्याच पद्धतीनं मोजलेला ब्लँक वजा करायचा. भर अशी निवडावी की पहिली भर मूळ शिखराएवढी किंवा थोडी जास्त पडेल. फार लहान भरी घातल्या तर रेषा लांबवर मागे ओढावी लागते आणि चूक वाढते.

एकाच सेलमध्ये इतक्या वेळा साठवून शिसं संपत कसं नाही, हा प्रश्न नव्यानं शिकणारे हमखास विचारतात. ३ मिलिमीटरच्या चकतीवर, लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या द्रावणातून, १२० सेकंदांत जेमतेम अर्धा नॅनोग्रॅम शिसं बसतं. सेलमध्ये असतं १०० नॅनोग्रॅम. म्हणजे अर्धा टक्का, आणि उतरवताना तेही परत द्रावणात जातं. पण यातूनच दुसरी गोष्ट निघते: आपण एकूण साठ्याचा अगदी लहान अंश मोजतो, तो ढवळण्यावर आणि तापमानावर अवलंबून असतो. आयनांचं विसरण अंशामागे सुमारे दोन टक्क्यांनी बदलतं. सकाळच्या थंड द्रावणात पहिलं वाचन आणि दुपारच्या उकाड्यात शेवटची भर असं झालं की रेषा वाकलीच. पूर्ण मालिका एका बैठकीत उरकावी.

जिथे आकडा फसवतो

उतार हा आमच्या दृष्टीनं शिखरापेक्षाही बोलका. शुद्ध बफरमधला उतार वहीत लिहून ठेवावा आणि प्रत्येक नमुन्याचा त्याच्याशी ताडून बघावा. नमुन्यातला उतार ऐंशी-नव्वद टक्के असेल तर पाणी साधं आहे. निम्म्यावर आला तर काहीतरी अडवतंय. तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेला तर रेषा कितीही सरळ दिसो, तो आकडा आम्ही देत नाही.

अडवणाऱ्यांत पहिला तांबे. तांब्याच्या नळांतून आलेल्या पाण्यात ते शिशाच्या कित्येक पट असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याचं मार्गदर्शक मूल्यच लिटरला २ मिलिग्रॅम आहे, शिशाच्या दोनशेपट. साठवताना तांबेही बसतं आणि बिस्मथची जागा बळकावतं. शिशाचं शिखर खुजं होतं, कधी त्याला खांदा फुटतो. बिस्मथ वाढवून थोडा फरक पडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे सेलमध्ये ०.१ मिलिमोलर फेरोसायनाइड, जे तांब्याला अविद्राव्य संयुगात बांधून टाकतं. यापेक्षा जास्त घालू नये, फेरोसायनाइड इतर धातूंनाही धरू लागतं. घातल्यावर माहीत असलेल्या शिशाची भर परत पूर्ण मिळते का, ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरे सेंद्रिय पदार्थ. तळ्याच्या, नदीच्या पाण्यातली ह्युमिक (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली) द्रव्यं दोन बाजूंनी त्रास देतात. ती शिशाला स्वतःशी बांधून ठेवतात, त्यामुळे ते इलेक्ट्रोडला दिसतच नाही, आणि शिवाय चकतीवर स्वतःचा पडदा धरतात. साबणाचे अंशही असाच पडदा धरतात. ओळखायची खूण: एकाच द्रावणात लागोपाठ घेतलेली शिखरं पायरीपायरीनं खाली जात राहतात. घासल्यावर परत वर येतात आणि पुन्हा उतरू लागतात.

इथेच या पद्धतीची खरी मर्यादा आणि खरं बळही आहे. ती फक्त मोकळे आयन आणि सैल बांधलेले आयन मोजते. न पचवलेल्या, म्हणजे सेंद्रिय पदार्थ न मोडलेल्या, नमुन्याचा आकडा म्हणजे एकूण शिसं नव्हे. एकूण हवं असेल तर आम्लयुक्त नमुन्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून क्वार्ट्झच्या नळीत अतिनील दिव्याखाली ९० अंशांच्या आसपास तासभर पचवावं, किंवा नायट्रिक आम्लात तापवून. पचवल्यावर उरलेलं पेरॉक्साइड घालवणं आवश्यक, नाहीतर पायारेषा डोंगरासारखी उठते. उलट पाण्यातलं किती शिसं सजीवांना सहज उपलब्ध आहे हे जाणायचं असेल, तर ताज्या, आम्ल न घातलेल्या, गाळलेल्या नमुन्यावरची हीच मोजणी उपयोगी पडते. एकूण शिसं मोजणाऱ्या आयसीपी-एमएस या उपकरणाला हा फरक दिसत नाही. मात्र अहवालात दोन्हींपैकी कोणतं मोजलं ते लिहिलंच पाहिजे. हे न लिहिलेला आकडा आम्ही अपुरा मानतो.

जस्त आणि तांबे एकत्र असले तर त्यांचं आपसात संयुग बनतं आणि जस्त कमी दिसतं. जस्त मोजायचंच असेल तर थोडं गॅलियम घातल्यानं तांबे त्याच्याकडे वळतं. कथिलाचं शिखर शिशाजवळ येतं, थॅलियमचं शिसं आणि कॅडमियमच्या मधल्या पट्ट्यात. पिण्याच्या पाण्यात हे क्वचित, औद्योगिक सांडपाण्यात मात्र लक्षात ठेवावं. आर्सेनिक आणि पारा या इलेक्ट्रोडवर शोधू नयेत. पारा उतरतो त्या विभवाला बिस्मथ केव्हाच विरघळून गेलेला असतो. त्या दोघांसाठी सोन्याचा इलेक्ट्रोड.

छापील पट्टीवरचे सेन्सर, म्हणजे स्क्रीन प्रिंटेड इलेक्ट्रोड, बाहेर नेऊन मोजायला फार सोयीचे. घासण्याचं काम वाचतं. पण त्यांच्यावरचा रेफरन्स म्हणजे नुसता चांदीचा लेप असतो, आत ठरलेलं क्लोराइड नसतं. पाण्यातलं क्लोराइड दहापट बदललं की त्याचं विभव जवळपास ५९ मिलिव्होल्टनं सरकतं. साध्या विहिरीच्या आणि मचूळ विहिरीच्या पाण्यात शिशाचं शिखर वेगळ्या जागी येतं ते त्यामुळे. सेलमध्ये ठरावीक पोटॅशियम क्लोराइड, समजा ०.०५ मोलर, घातलं की हा प्रश्न बहुतांशी मिटतो. पट्ट्यांपट्ट्यांतला फरकही धरून चालावा. स्टँडर्ड ॲडिशनची सगळी वाचनं एकाच पट्टीवर घ्यावीत.

नमुन्यांच्या प्रत्येक गटासोबत तीन गोष्टी मोजायच्या: प्रवास करून आलेला ब्लँक, माहीत असलेली भर घातलेला एक नमुना, आणि प्रमाणित संदर्भ पाणी. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची १६४३ मालिका पाण्यातल्या सूक्ष्म धातूंसाठीच आहे. तेही आम्लात जतन केलेलं असतं, तेव्हा वरचा हायड्रॉक्साइडचा हिशेब त्यालाही लावायचा. भर ८० ते १२० टक्क्यांत परत मिळाली नाही तर पूर्ण गट पुन्हा. शोधमर्यादा ब्लँकच्या सात-आठ वाचनांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले उतार. ती शुद्ध बफरवरून न काढता नमुन्याच्या उतारावरून काढावी. गढूळ पाण्यात ती किती वाढते हे तेव्हाच कळतं.

दिवस संपताना चकती पाण्यानं धुऊन, हलक्या हातानं पुसून कोरडी ठेवावी. रेफरन्स पुन्हा ३ मोलर क्लोराइडमध्ये. शिसं आणि कॅडमियमची भर द्रावणं आणि सेलमधलं सगळं पाणी धातूंच्या टाकाऊ बाटलीत जायला हवं, मोरीत नाही. फेरिसायनाइडचं चाचणी द्रावण आणि फेरोसायनाइड घातलेले नमुने या बाटलीत ओतू नयेत, कारण तीव्र आम्लाच्या संपर्कात त्यांच्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. त्यांच्यासाठी वेगळी बाटली, वेगळी चिठ्ठी.